ओझे उतरवण्याची विद्या

मंडळी, पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर नारायणगाव लागते आणि त्याला खेटूनच वारूळवाडी आहे. मीना नदीचा काठ, द्राक्षांचे आणि टोमॅटोचे मळे, आणि पुष्कळ घरांपुढे उभा असलेला एखादा पिकअप नाहीतर टेम्पो. माल बाजारात न्यायचा तर गाडी हवीच. आणि गाडी म्हटली की तिचे इंजिन कधी ना कधी बसायचेच. मग घरधनी मुंबईला कुर्ल्याच्या बाजारात जातो, जुने पण चालते इंजिन पारखून घेतो, परतीच्या ट्रकवर ते चढवून देतो, आणि एके दिवशी तिन्हीसांजेला तो ट्रक अंगणात येऊन उभा राहतो. ट्रकवाल्याला आळेफाटा गाठायची घाई. शेजारपाजारचे चार गडी हाकेसरशी येतात. "धरा रे, एवढं काय त्यात!" असे कोणीतरी म्हणतो, आणि हौद्याचा फाळका धाडकन खाली पडतो.

इथे जरा थांबू या. इंजिन चढवताना बाजारात हमाल होते, साखळ्या होत्या, कदाचित क्रेनही होती. उतरवताना अंगणात फक्त शेजारधर्म आहे. आणि शेजारधर्म कितीही मोठा असला तरी त्याला बोटे दहाच असतात.

लहान मोटारीचे इंजिन क्विंटल-सव्वा क्विंटल भरते. जीपसारख्या गाडीचे दोन क्विंटलांच्या घरात जाते, आणि ट्रकचे म्हणाल तर चार-पाच क्विंटल. ट्रकच्या हौद्याचा तळ जमिनीपासून साधारण चार फूट, म्हणजे १.२ मीटर उंच असतो. शाळेतल्या गुरुजींनी मुलांना हे गणित जरूर घालावे: १.२ मीटरवरून सुटलेली वस्तू जमिनीला टेकायला किती वेळ लागतो? उत्तर येते अर्धा सेकंद. इंजिन हातातून सुटले हे माणसाला कळून पाय हलायला लागेपर्यंतच पाव सेकंद निघून जातो. उरलेल्या पाव सेकंदात पाय कुठे नेणार? म्हणून "सुटलं तर बाजूला होऊ" हे बोलणे अगदी पोकळ आहे.

इतिहास म्हटला की आपण लढाया, तह आणि राज्याभिषेक मोजतो. माणसाने जड ओझी कशी उचलली याच्याही कथा आपल्याला ठाऊक असतात. आर्किमिडीजने कप्प्या लावून एकट्याने जहाज ओढले, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात येते. पण ओझे खाली कसे ठेवावे, याचाही एक इतिहास आहे. तो फारसा कोणी सांगत नाही, आणि त्याचा बराच भाग आपल्याच मुलखात, आपल्याच विहिरींवर आणि बांधांवर घडलेला आहे. आज तेवढाच सांगायचा आहे.

जुन्नरच्या डोंगरांत इतकी लेणी आहेत की एका गावाच्या परिसरात इतकी क्वचितच सापडतील. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी, शिवनेरी, सगळीकडे खांब आहेत, चैत्य आहेत; पण त्यातला एकही खांब कोणी उचलून उभा केलेला नाही. डोंगर जागच्या जागी कोरला आणि नको तो दगड काढून टाकला. न उचललेले ओझे सर्वांत हलके, हे त्या पाथरवटांना पुरते ठाऊक होते.

तिथून जवळच नाणेघाट. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळात कोकणातल्या बंदरांचा माल या घाटाने जुन्नरला चढत होता. घाटातल्या गुहेत नागनिका राणीचा शिलालेख आहे आणि वर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण आहे. त्या दगडी पायऱ्यांवरून चाक काही चढत नाही. माल जायचा तो माणसाच्या डोक्यावर आणि जनावराच्या पाठीवर. म्हणजे ओझे कितीही मोठे असो, ते आधी एका पाठीला पेलेल एवढ्या गोण्यांत वाटले जायचे. ही रीत इंजिनालाही लागू आहे, बरं का. इंजिन म्हणजे एकसंध धोंडा नव्हे. त्याला गिअरबॉक्स जोडलेला असतो, स्टार्टर असतो, फ्लायव्हील असते, क्लच असतो, वर हेड असते. हौद्यात बसून तासभर पाने चालवले तर एका ओझ्याची चार ओझी होतात आणि मधला गाभा निम्म्यावर आला नाही तरी बराच हलका होतो. पण हा तास कोणी देत नाही, कारण ट्रकवाला हॉर्न वाजवत असतो. मी म्हणतो, त्याला भाड्यावर शंभर-दोनशे रुपये जास्त द्यावे आणि तासभर थांबवावे. हाडाच्या डॉक्टरपेक्षा ते स्वस्त पडते.

ओझे हलके करण्याची हीच दृष्टी आपल्याच तालुक्यात, खोडदला, अगदी आधुनिक रूपात पाहायला मिळते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात तिथे आणि आसपासच्या गावांत मिळून ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभ्या केल्या. एवढी तबकडी भरीव पत्र्याची केली असती तर तिचे वजन आणि तिच्यावरचा वारा, दोन्ही आवरले नसते. स्वरूपांनी पत्रा टाकून दिला. ताणलेल्या तारदोरांवर बारीक तारांची जाळी बसवली. वारा आरपार जातो आणि वजन उतरते. एकाने गोण्या वाटल्या, दुसऱ्याने पत्रा काढला, विचार तोच.

आता उंचीकडे वळू. दगडाच्या कामात ज्यांची हयात गेली त्या वडार समाजात गाडीवडार म्हणून एक शाखा आहे. खाणीतून चिरे आणि धोंडे वाहून आणणे हे त्यांचे काम. त्यांच्या जुन्या गाड्या शेतकऱ्याच्या गाडीसारख्या उंच नसत. ठेंगणी गाडी आणि भरीव लाकडाची बुटकी चाके. दिसायला ओबडधोबड, चालायला मंद. पण धोंडा पहारीने लोटत लोटत तिच्यावर चढवता येई आणि तसाच उतरवता येई. धोंडा हातभरसुद्धा उचलावा लागत नसे. ज्यांना अडाणी म्हणून गावाने वेशीबाहेर ठेवले, त्या माणसांनी हा प्रश्न गाडी बांधतानाच सोडवून टाकला होता.

ट्रक काही ठेंगणा होत नाही. पण जमीन वर नेता येते. रेल्वेच्या स्टेशनात ज्याला आपण मालधक्का म्हणतो, तो दुसरे काय आहे? वाघिणीच्या तळाएवढा उंच ओटा. वाघीण लागली की माल सरळ सरकवायचा. आपल्या शेतात तसा धक्का आयता असतो, त्याला आपण बांध म्हणतो. चार फुटांचा पक्का बांध बघावा, ट्रक मागे घेत घेत त्याला टेकवावा, मधल्या फटीवर जाड फळ्या टाकाव्या. इंजिन लाकडी चौकटीवर बसवून पहारीने सरकवत बांधावर घ्यावे. बांध नसेल तर मागच्या चाकांपुरते दोन उतरते चर खणून ट्रकची पाठ हात-दीड हात खाली घेता येते. खड्डा खणायला दोन माणसे आणि अर्धा दिवस लागतो. पण तेवढ्याने चार फुटांचे दोन-अडीच फूट होतात.

आपल्या मुलखात याहून कितीतरी मोठी ओझी हलली आहेत. मलिक अहमदाने १४९० साली स्वतंत्र कारभार मांडला तो जुन्नरलाच. पुढे त्याने अहमदनगर वसवले. त्याच निजामशाहीत १५४९ साली अहमदनगरला मुहंमद बिन हुसेन रूमी या कारागिराने मुलुखमैदान तोफ ओतली. वजन अदमासे ५५ टन, लांबी साडेचार मीटरांच्या आसपास. ही तोफ पुढे परांड्याच्या किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये मुरार जगदेवाने ती विजापूरला नेली. दहा हत्ती, चारशे बैल आणि शेकडो माणसे लागली असे सांगतात. तिच्या जोडीची दुसरी तोफ वाटेत नदीत बुडाली, अशीही कथा आहे. कथा खरी धरली तर तिच्यात नवल काही नाही. चढावर चारशे बैल जुंपता येतात. नदीच्या उतरणीवर ते चारशे बैल काय कामाचे? बैलाला जितके ओढता येते तितके मागे रेटून धरता येत नाही. माणसाचेही तेच आहे.

याहून जुना एक दाखला इजिप्तमधला आहे. जेहुतीहोतेप नावाच्या एका सरदाराच्या थडग्यात चित्र होते, आजपासून सुमारे ३९०० वर्षांपूर्वीचे. एक प्रचंड पुतळा घसरगाडीवर बांधला आहे आणि १७२ माणसे तो ओढताहेत. घसरगाडीच्या पुढे उभा राहून एकजण वाळूवर पाणी ओतताना दिसतो. पुष्कळ दिवस लोक म्हणत, हा काहीतरी धार्मिक विधी असावा. २०१४ मध्ये अ‍ॅम्स्टरडॅमच्या शास्त्रज्ञांनी प्रयोग केला, तेव्हा दिसले की वाळू योग्य तेवढी ओली केली तर ओढायला लागणारा जोर निम्म्यावर येतो. तो मनुष्य पूजा करीत नव्हता, घर्षण कमी करीत होता.

आणि इथेच चढवणे आणि उतरवणे यांच्या वाटा वेगळ्या होतात. ओढणाऱ्याला घर्षण नको असते. उतरवणाऱ्याला ते हवे असते. सपाटीवर इंजिन सरकवायचे असेल तर खाली गोल ओंडके किंवा पाइपाचे तुकडे घालावे, काम सोपे होते. तेच ओंडके उतरत्या फळीवर घातले तर इंजिन आपले न राहता पृथ्वीचे होते. उतरणीवर गोल काही नको. चौकट फळीवर घासतच खाली यायला हवी. फळीही लांब हवी. चार फुटांच्या हौद्याला बारा फुटांची फळी लावली तर तीन क्विंटलांच्या इंजिनाची ओढ एक क्विंटल राहते आणि त्यातलीही बरीचशी घर्षण खाऊन टाकते. सहा फुटांची फळी लावली तर तीच ओढ दोन क्विंटल होते आणि चौकट केव्हा सुटेल याचा नेम नाही. बारा फुटांची फळी मात्र मधोमध वाकते. म्हणून तिच्या पोटाखाली भक्कम टेकू द्यावा.

मग उरलेली ओढ कोणी धरायची? इथे पुन्हा आपला शेतकरीच उत्तर देतो. माजलेला बैल दाव्याला हिसका देतो तेव्हा शहाणा गडी दावे हातात धरून पाय रोवत बसत नाही. तो धावत जाऊन दाव्याचा एक वेढा खुंटाला नाहीतर झाडाला मारतो आणि शेपूट हातात धरून उभा राहतो. बैल ओढून ओढून थकतो. जी ताकद गड्याच्या मनगटात नाही ती त्या वेढ्यात असते. ही गोष्ट युरोपात जहाजावरच्या खलाशांनाही माहीत होती, आणि अठराव्या शतकात ऑयलर या मोठ्या गणितज्ञाने तिचे गणित मांडले. दर वेढ्याने जोर ठरावीक पटीने वाढत जातो. बेरजेने नाही, गुणाकाराने. बुंध्याला दोन वेढे दिले की दहा माणसांची ओढ एका माणसाला आवरते, हे अगदी जपून केलेले अनुमान आहे. तिसरा वेढा दिला तर प्रमाण आणखी तिपटीने वाढते. शाळेत हा प्रयोग दहा मिनिटांचा आहे. पताकेच्या खांबाला दोर गुंडाळावा, एका टोकाला वर्गातली चार दांडगी मुले आणि दुसऱ्या टोकाला सर्वांत किरकोळ मुलगी उभी करावी. एकेक वेढा वाढवत जावे. चौथीच्या मुलांनाही जे कळायचे ते कळते.

म्हणून अंगणात इंजिन फळीवरून उतरवायचे असेल तर त्याला मागून, म्हणजे वरच्या बाजूने, एक दोर हवा आणि त्या दोराचे दोन-तीन वेढे हौद्याच्या पक्क्या लोखंडी कड्याला किंवा ट्रकच्या पुढच्या बाजूच्या झाडाला हवेत. एकाने वीतवीत दोर सोडायचा. इंजिनाच्या खालच्या बाजूला, फळीच्या रेषेत, कोणीही उभे राहायचे नाही. "खालून आधार देतो" म्हणणारा माणूस सर्वांत प्रेमळ असतो आणि दवाखान्यात तोच जातो.

मोट ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे सगळे ओळखीचे वाटेल. मोटेचा नाडा, वरचे चाक आणि खाली उतरत जाणारी धाव. बैल उताराने पुढे चालले की मोट भरून वर येई आणि थारोळ्यात रिती होई. मग बैल पाठ न फिरवता मागे मागे चढत, तसतशी मोट खाली जाई. त्या मागे चालण्यात सगळी कला होती. बैल घाईने मागे आले तर नाडा सैल पडे, मोट पाण्यावर आपटे. मोटकरी तोंडाने बोलत, गात, बैलांना एका लयीत मागे आणी. भरली मोट चढवणे बैलांचे काम होते. रिकामी मोट नीट उतरवणे माणसाचे.

मग इंजिने आली. रूडॉल्फ डिझेलने १८९७ मध्ये आउग्सबुर्गला जे पहिले यशस्वी इंजिन चालवून दाखवले ते साडेचार टनांच्या आसपास वजनाचे होते, आणि ताकद म्हणाल तर वीस अश्वशक्तीसुद्धा नीटशी भरत नव्हती. ते शेतात नेण्याचा विचारही कोणी केला नसता. तीस-पस्तीस वर्षांत ते लहान झाले. इंग्लंडातल्या लिस्टर कंपनीचे सावकाश फिरणारे, दोन बाजूंना दोन मोठी चाके असलेले इंजिन १९३० च्या सुमारास निघाले आणि पुढे राजकोटच्या कारखान्यांनी त्याच धर्तीची इंजिने देशभर पुरवली. इकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर कारखाना हलवला, नांगर आणि पंप केले, आणि १९४६ मध्ये पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली. स्वातंत्र्यानंतरच्या पंधरा-वीस वर्षांत मोटेचा आवाज थांबत गेला आणि विहिरीविहिरीवर इंजिनाची फकफक सुरू झाली. जुन्नर-आंबेगावात धरणांचे कालवे आले ते पुढे, येडगाव, वडज, माणिकडोह, डिंभे झाल्यावर. तोवर विहीर आणि इंजिन हीच बागायत.

पण इंजिन विहिरीच्या काठावर ठेवून भागत नसे. कारण हवेचा दाब पाण्याला फार तर १०.३ मीटर उंच ढकलू शकतो, हे टोरिचेलीने १६४३ मध्येच दाखवून दिले होते. प्रत्यक्षात पंप सहा-सात मीटरांवरून पाणी ओढतो, त्याहून खालचे नाही. उन्हाळ्यात पाणी तळाला गेले की इंजिन आणि पंप विहिरीच्या पोटात उतरवावे लागत. कडेला खडकात टप्पा काढायचा, आडव्या तुळया टाकायच्या आणि त्यावर तीन-साडेतीनशे किलोंचे धूड बसवायचे. विचार करा, मंडळी. ट्रकचा हौदा चार फूट उंच. इथे तीस-तीस फूट खोल, वर आकाश आणि खाली पाणी.

हे काम आपल्या माणसांनी केले. विहिरीवर खोदकामाचा दगड काढायची यारी असेल तर यारीने, नाहीतर तीन भक्कम लाकडांची घोडी उभी करून आणि कप्पी लावून. दोराचा शेवट कोणाच्या हातात राहू द्यायचा नाही, तो झाडाला नाहीतर पुरलेल्या खांबाला वेढून मगच सोडायचा. इंजिनाला बाजूने दुसरा बारीक दोर बांधायचा, म्हणजे ते हेलकावे खाऊन कडेवर आदळत नाही. जाणता मनुष्य काठावर आडवा पडून खाली बघायचा आणि एकट्यानेच बोलायचा. हे कोणत्या पुस्तकात नव्हते. मोटेवर आणि खाणीत शिकलेले हात इंजिनाला लावले, एवढेच. विहिरीत इंजिन चालवणे मात्र घातकच होते. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता खाली साचतो आणि इंजिन बंद करायला उतरलेला माणूस वर येत नाही. असे मृत्यू पुष्कळ विहिरींनी पाहिले. विजेच्या मोटारी आणि नंतर पाण्यात बुडून चालणारे पंप आले, तशी ती दुःखे कमी झाली. त्याबरोबर ती घोडी आणि तो वेढाही विसरला गेला.

काठावरचा एकच माणूस बोलतो, हे मी मुद्दाम सांगितले. १५८६ साली रोममध्ये सुमारे ३३० टनांचा एक दगडी स्तंभ एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी उभा करायचा होता. दोमेनिको फोंताना या स्थपतीने ते काम घेतले. नऊशेवर माणसे, ४० रहाट आणि घोडे. आधी स्तंभ उचलून आडवा उतरवायचा, मग ओढत न्यायचा, मग उभा करायचा. फोंतानाने नियम केला, काम चालू असताना कोणी शब्द बोलायचा नाही. बोलेल त्याला जबर शिक्षा. तुतारी वाजली की रहाट फिरवायचे, घंटा वाजली की थांबायचे. नऊशे माणसांना एक तुतारी आणि एक घंटा पुरली. आपल्या अंगणात पाच माणसे असतात आणि पाचही जण हुकूम सोडतात. "माझ्याकडं घ्या", "नाही नाही, तिकडं", "जरा दम धरा", आणि तेवढ्यात एकजण खरोखरच दम धरतो आणि हात सोडतो. मुंबईच्या बंदरावर १८५२ मध्ये जेव्हा फॉकलंड नावाचे पहिले आगगाडीचे इंजिन उतरले आणि दोनशेहून अधिक माणसांनी ते रस्त्याने भायखळ्याकडे ओढत नेले, तेव्हा त्यांना एकत्र ठेवणारा असाच कोणी मुकादम असणार. एकाने आरोळी द्यायची आणि बाकीच्यांनी "हैसा" म्हणत त्याच क्षणी जोर लावायचा, ही हमालांची रीत करमणुकीसाठी नव्हती.

एक उणीव तरीही उरत होती. माणूस थकतो, घसरतो, दचकतो, आणि त्याचा हात सुटतो. हात सुटला तरी ओझे थांबेल असे साधन हवे होते. ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आले. न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात १८५४ मध्ये एलिशा ओटिस हा कारागीर पाळण्यात उभा राहिला आणि त्याने लोकांसमोर पाळण्याचा दोरच तोडायला लावला. दोर तुटताच पाळण्याच्या खिट्या बाजूच्या दातेरी पट्ट्यांत अडकल्या आणि पाळणा जागीच राहिला. त्याच सुमारास वेस्टन नावाच्या माणसाने साखळीची अशी कप्पी काढली की तिच्यात वर एकमेकांना जोडलेली दोन चाके, एक किंचित मोठे आणि एक किंचित लहान. साखळी हातभर ओढली तर ओझे जेमतेम बोटभर हलते, म्हणून एकटा माणूस टनभर उचलतो. पण खरी गंमत पुढे आहे. तिच्यात घर्षण इतके असते की साखळी सोडून दिली तरी ओझे उलटे येत नाही. ती जिथल्या तिथे लटकत राहते. आजच्या गॅरेजमधली चेन पुली तिचीच नात. हल्लीच्या पुलीत दातेरी चाके आणि आपोआप लागणारा ब्रेक असतो. नारायणगावच्या गॅरेजवाल्याकडे ती असतेच, आणि चहापाण्यावर तो ती एका संध्याकाळपुरती देतोही.

चेन पुली मिळाली म्हणजे सगळे झाले असे नव्हे. ती टांगायची कुठे? पुष्कळ लोक ती घराच्या आढ्याला नाहीतर पडवीच्या तुळईला बांधतात. वारूळवाडीच्या माणसाला तरी वाळवीचे काम सांगायला नको. तुळई बाहेरून साजरी दिसते आणि आत पिठूळ झालेली असते. शिवाय तुळई कौलांचा भार पेलायला घातली आहे, इंजिनाचा नव्हे. त्यापेक्षा लोखंडी पाइपांची तीन पायांची घोडी उभी करावी. तिचे पाय फाकू नयेत म्हणून तिन्ही पाय वीतभर खड्ड्यात रोवावे आणि साखळीने एकमेकांना बांधावे. पायांमधून ट्रकची पाठ आत येईल एवढी घोडी रुंद आणि उंच हवी. इंजिनाला दोन टोकांना उचलण्याच्या कड्या असतात, साखळी त्यांतच अडकवावी. पाइपांना, पंख्याला किंवा वायरींना नाही. नायलॉनचा दोर नको. तो ताणतो आणि तुटला तर चाबकासारखा परत येतो.

मग इंजिन चार बोटे उचलावे आणि क्षणभर तसेच राहू द्यावे. घोडी कुरकुरते का, कडी सरकते का, इंजिन एका बाजूला झुकते का, हे त्या क्षणात कळते. चार बोटांवरून पडले तर हौद्यातच पडेल. सगळे ठीक दिसले की ट्रकच पुढे न्यावा. इंजिन जागेवर लटकत राहते आणि त्याच्याखालून हौदा निघून जातो. हे पाहायला विचित्र वाटते, पण पन्नास गॅरेजांत रोज असेच चालते. ड्रायव्हरने पहिल्या गिअरमध्ये मुंगीच्या पावलाने जावे, आणि हौद्यात त्या वेळी कोणी उभे नसावे.

कायदा या अंगणात येत नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. १९६७ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने माणसाने वाहायच्या ओझ्याबद्दल करार केला, आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचवली. आपल्या राज्यात अण्णासाहेब पाटलांनी माथाडी कामगारांना संघटित केले आणि १९६९ मध्ये माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा झाला. बाजारातल्या हमालाच्या डोक्यावरचे ओझे अशा रीतीने राज्याच्या दप्तरात आले. पण शेजारी म्हणून धावत आलेल्या माणसाच्या हातावरचे ओझे कोणाच्याही दप्तरात नाही. त्याचा विमा नाही, त्याची भरपाई नाही. त्याचा पाय मोडला तर त्याचा हंगाम गेला, आणि दोन घरांचे बोलणे बंद झाले ते वेगळेच. म्हणून ज्याचे इंजिन, त्याने आधी सगळ्यांच्या पायांत काय आहे ते बघावे. चप्पल घालून आलेल्याला ओझ्याजवळ येऊ देऊ नये. लहान मुले ओट्यावर बसवावी. उजेड गेला असेल तर काम सकाळवर ढकलावे. इंजिन ट्रकवर बांधून ठेवले तर रात्रभर कुठे पळून जात नाही.

खाली इंजिन टेकवायचे ते मोकळ्या जमिनीवर नाही. त्याच्या बुडाशी तेलाचे चेंबर असते, पातळ पत्र्याचे. सगळा भार त्याच्यावर आला की ते चेपते आणि आतला तेलाचा पंप अडतो. ट्रकचे एक जुने टायर आडवे टाकावे आणि इंजिन त्याच्या मधोमध बसवावे. ते कोंबडी खुराड्यात बसावी तसे बसते आणि कलंडत नाही. दोन बाजूंना लाकडाच्या पाचरी माराव्या. साखळी लगेच सोडू नये. आधी नुसती सैल करावी, इंजिन हाताने थोडे हलवून बघावे, आणि ते हलत नाही अशी खात्री झाल्यावरच कडी काढावी. मग वरून प्लॅस्टिकचा कागद, आणि प्लगांच्या भोकांत चिंध्यांचे बोळे, नाहीतर रात्रीतून आत धूळ आणि दव जाते.